न कळवता जायला हवं होतं

मी क्वालिटीत आहे. म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढणं हा माझा पगारी धंदा. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सतरा वर्षं मी हेच करते आहे. भाग हातात घ्यायचा, मापायचा, पास असला तर हिरवा टॅग, नसला तर लाल. बाबा म्हणतात, म्हणूनच तुझं लग्न झालं नाही, बघायला आलेल्या प्रत्येकाला तू लाल टॅग लावलास. यात थोडं तथ्य आहे. पण एकदा मी नको तिथे हिरवा टॅग लावला, आणि ते एका मुक्या जनावराने भोगलं. ते मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमच्या कंपनीला लागून एक छोटं वर्कशॉप होतं. दिवाळीनंतर ते बंद पडलं. मशिनी ट्रेलरवर चढल्या, शेडचे पत्रेसुद्धा उतरवून नेले आणि मागे राहिला फक्त गेटला बांधलेला कुत्रा. ग्रेट डेन. गव्हाळ रंगाचा, काळ्या तोंडाचा, उभा राहिला की माझ्या कमरेच्या वर. माझ्या लॅबच्या खिडकीतून तो समोरच दिसायचा. पहिल्या दिवशी वाटलं, न्यायला येतील. दुसऱ्या दिवशीही तेच वाटलं. तिसऱ्या दिवशी तो भुंकायचा थांबला, तेव्हा चहाचा कप तसाच ठेवून मी खाली उतरले.

तिथे आमच्या मागच्या गेटवरचे सिक्युरिटी काका आधीच बसलेले होते. साठीला आलेले, मराठवाड्यातले, कंत्राटावरचे. निळा शर्ट दोन मापं मोठा. तुटक्या कुंपणातून ते रोज बादलीने पाणी आणि कॅन्टीनमधल्या उरल्यासुरल्या पोळ्या त्याला देत होते. मी तीन दिवस नुसती बघत होते आणि ते तीन दिवस पाणी देत होते. हा फरक मला तेव्हाच कळायला हवा होता.

"हे कुत्रं न्हाई बगा ताई, घोडं हाय," ते म्हणाले. "पर लई गरीब हाय. लेकरावानी बघतंय."

मेंटेनन्समधून हॅक्सॉ आणून साखळी कापली. तो उठला, अंग झाडलं, आणि काकांच्या मागोमाग चालत आमच्या गेटवर येऊन सिक्युरिटी केबिनच्या दारात आडवा पसरला. आता काकांना आत जायला वाट नव्हती. "पाव्हणं, जरा सरका की," काका म्हणाले. तेच त्याचं नाव पडलं, पाव्हणं.

मी त्याला घरी का नेलं नाही, ते सांगते. आम्ही संत तुकाराम नगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो, मी आणि बाबा. बाबांनी तीस वर्षं फाउंड्रीत काढली. त्यांच्या छातीत त्या भट्टीची धूळ अजून आहे. शेजारच्यांनी उदबत्ती लावली तरी त्यांना दम्याचा पंप घ्यावा लागतो. त्या घरात इतक्या मोठ्या कुत्र्याचे केस म्हणजे बाबांना हॉस्पिटलात पोचवणं. बाबा म्हणाले, "आण की. मी गॅलरीत झोपतो." ते चेष्टेत म्हणाले, पण मला ऐकवेना.

कंपनीने पाव्हण्याला गेटवर राहायची परवानगी दिली, एका अटीवर. महिन्याभराने कस्टमरचं ऑडिट होतं. त्याच्या आत कुत्रा हलला पाहिजे.

ऑडिट म्हणजे काय, हे आमच्या पट्ट्यात कुणाला सांगावं लागत नाही. साहेब लोक येणार म्हटलं की आठवडाभर आधी जमिनीवर पिवळे पट्टे नव्याने मारायचे. रिजेक्ट मालाचे क्रेट शेडच्या मागे नेऊन ताडपत्रीखाली घालायचे. वर्षभर रिकामी असलेली फर्स्ट एडची पेटी भरायची. पोरांकडून उत्तरं पाठ करून घ्यायची. मुलगी बघायला येणार म्हटल्यावर घरातल्या फुटक्या कपबशा जशा माळ्यावर जातात, तसंच. हे सगळं मी स्वतः उभी राहून करून घेते. मला या कामाचं ओ की ठो कळत नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. हे लक्षात ठेवा.

मी घर शोधायला लागले. फोटो टाकले, ग्रुपवर फिरवले, आणि फोन यायला लागले. एकाला फार्महाऊसला राखण पाहिजे होती, रात्रंदिवस बाहेर. एकाने पहिलाच प्रश्न विचारला, नर आहे ना, मग नसबंदीची अट कशाला घालता, पिल्लांना मागणी आहे. वाकडच्या एका तरुण जोडप्याने फार प्रेमाने नेला आणि चौथ्या दिवशी परत आणून सोडला, कारण लिफ्टमध्ये लोक ओरडायचे. त्या दिवशी गाडीतून उतरल्यावर पाव्हण्याने आमच्या कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ केबिनच्या दारात जाऊन आडवा झाला.

माझं डोकं फिरलं. मग मी तेच केलं जे मला येतं. फॉर्म बनवला. सप्लायरला पास करायच्या आधी आम्ही त्याच्याकडे जाऊन शंभर मार्कांची तपासणी करतो, तसाच. कंपाउंड आहे का, किती उंच. सावली. पाण्याची सोय. घरात दिवसभर कोण असतं. जिने किती. डॉक्टर किती लांब. प्रत्येकाला मार्क. ऐंशीच्या खाली लाल टॅग.

हा फॉर्म मी केबिनमध्ये बसून लिहीत होते, तेव्हा काका म्हणाले, "ताई, कशाला एवढी यातायात करता? मलाच द्या की."

मी पेन खाली ठेवलं नाही. काकांची रूम जवळच्या निघोजे गावात होती, हे मला माहीत होतं. कामगारांना भाड्याने द्यायला बांधलेली दहा खोल्यांची रांग, वर पत्रा, संडास सामाईक. बायको गावाकडे, स्वतःची बारा तासांची ड्यूटी. मनातल्या मनात मार्क टाकले, तिसापर्यंतसुद्धा जाईनात.

"काका, कंपाउंड नाही तुमच्याकडे. पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजेल तो. आणि दिवसभर कोण बघणार?"

"शेजारच्या बाया असत्यात की. मी सकाळ-संध्याकाळ फिरवीन."

"त्याला कायमचं घर पाहिजे, काका. तुमचं कंत्राट उद्या संपलं तर?"

काका म्हणाले, "बरोबर हाय तुमचं," आणि पाव्हण्याच्या कानातली गोचीड काढायला लागले. माझं बरोबर होतं, हे मलाही पटलं होतं. आज ते आठवलं की स्वतःचा संताप येतो.

ऑडिटला दहा दिवस राहिले होते, तेव्हा माण गावाहून फोन आला. जुनं गावातलं घराणं, जमीन आयटी पार्कमध्ये गेली, त्या पैशातून बंगला उभा राहिलेला. माणूस पन्नाशीचा, बोलायला मोकळा. "ताई, आमी जनावरातलीच माणसं हाय. आमच्याकडं बैल व्हते, म्हशी व्हत्या. कुत्र्याचं काय एवढं? पोरासारखं ठिवू." मला बरं वाटलं. मी म्हटलं, येत्या रविवारी अकरा वाजता बघायला येते.

शनिवारी संध्याकाळी मी फॉर्म क्लिपबोर्डला लावत होते. बाबा बुद्धाच्या फोटोखालच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होते. म्हणाले, "त्यांना सांगून चाललीस?"

"मग? न सांगता कुणाच्या घरी कसं जाणार?"

"आमच्या शॉपमध्ये धूर ओढणारे मोठे पंखे होते. इन्स्पेक्शनला साहेब येणार असले की सकाळपासून चालू. साहेबांची गाडी गेटबाहेर पडली की बंद." त्यांनी एक शेंग तोंडात टाकली. "वर्षातनं दोन दिवस आम्हाला फार चांगली हवा मिळायची."

"ते वेगळं, बाबा. हे घर आहे."

शेंगा सोलताना बाबांची छाती घरघर वाजत होती, ती ऐकत मी फॉर्म लावला आणि झोपायला गेले.

रविवारी माणच्या बंगल्याला मी चौऱ्याण्णव मार्क दिले. सात फुटी भिंत. आंब्याची सावली. हिरवी मॅट, तिच्यावर गादी, स्टीलची दोन पातेली. भिंतीकडेला जास्वंदीचं झाड. कुत्र्यासाठी वेगळी खोली केलेली, तिला आकाशी रंग. रंगाचा वास येत होता, हाताला चिकटतसुद्धा होता. आणि मी, पिवळे पट्टे मारून घेणारी बाई, शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलं? 'खास तयारी केली आहे. उत्तम.' तो फॉर्म अजून माझ्याकडे आहे. मी तो फाडलेला नाही.

पाव्हणं जायच्या दिवशी काकांनी त्याला आंघोळ घातली. टेम्पोत चढेना, तेव्हा काका आधी चढले, मग तो चढला, मग काका दुसऱ्या बाजूने उतरले आणि आम्ही फळका लावला. ही फसवणूक होती आणि तिघांनाही ती कळली होती. टेम्पो वळेपर्यंत तो काकांकडे बघत होता. ऑडिटमध्ये आमची कंपनी पास झाली. पेढे वाटले.

माणहून दर महिन्याला फोटो यायचा. हिरव्या मॅटवर बसलेला पाव्हणं, मागे जास्वंद. खाली हात जोडल्याची खूण. मी तो काकांना दाखवायचे. काका मोबाईल लांब धरून बघायचे आणि म्हणायचे, "चांगलं हाय की." जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. मार्चअखेर सिक्युरिटीचं कंत्राट बदललं, नवी एजन्सी आली आणि काकांना काढलं. माझा शब्द खरा ठरला, असं मला त्या दिवशी वाटून गेलं. काय माणूस असतं बघा.

एप्रिलचा फोटो कंपनीच्या बसमध्ये आला. मोशीजवळ ट्रॅफिक तुंबलं होतं, बस हलत नव्हती, करायला काही नव्हतं, म्हणून मी फोटो मोठा करून बघत बसले. जास्वंदीला एकच फूल होतं, भिंतीच्या कडेला, एक पाकळी मुडपलेली. ते मी आधी कुठेतरी बघितलं होतं. मार्चचा फोटो उघडला. तेच फूल, तीच मुडपलेली पाकळी. फेब्रुवारी. तेच. जास्वंदीचं फूल एक दिवस टिकतं. सगळे फोटो एकाच सकाळी काढलेले होते.

सप्लायर जुन्या रिपोर्टवर नवी तारीख टाकून पाठवतात. ते मी दहा फुटांवरून ओळखते. इथे चार महिने मला कळलं नाही, कारण मला कळून घ्यायचंच नव्हतं. घर मिळालं, फाइल बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि न कळवता माणला गेले. बंगल्याच्या गेटमधून हिरवी मॅट दिसली, तिच्यावर वाळवणाच्या कुरडया होत्या. आकाशी खोलीत सिमेंटची पोती. घरातल्या बाई बाहेर आल्या, मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "तो हितं नसतो. मागच्या प्लॉटवर हाय."

मागच्या प्लॉटवर पाण्याचे टँकर उभे करायची जागा होती. तिथे खडीच्या ढिगाशेजारी पाव्हणं दीड हाताच्या साखळीला बांधलेला होता. साखळी एवढी आखूड की त्याला नीट पसरता येत नव्हतं, काँक्रीटवर कोपरं टेकून अर्धवट बसायचा. दोन्ही कोपरांना जखमा, त्यांच्यावर माश्या. बरगड्या मोजता आल्या असत्या. मी हाक मारली तर शेपटी हलली नाही. डोळे तेवढे वर झाले.

तो माणूस धावत आला. खोटं बोलला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. घरी लोकांची ये-जा, लोक बिचकतात, बायकोला केसांनी शिंका येतात, आणि हे जनावर एवढं खातंय, एवढं हागतंय, याचा अंदाजच आला नाही. म्हणून हितं आणला. "पर ताई," तो खरोखर दुखावल्यासारखा म्हणाला, "फोन करून यायचं की. आमी घरी आणून ठिवला असता."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण कोणत्या तोंडाने? पहिल्यांदा मी फोन करूनच तर आले होते.

हातात साखळी धरून रस्त्यावर उभी राहिले. कुठे न्यायचं, याचा विचार करावा लागला नाही. मिळाला तो टेम्पो केला आणि निघोजे सांगितलं.

काकांनाही फोन केला नाही. दुकानात विचारत विचारत खोल्यांची रांग सापडली. नवी ड्यूटी मिळाली नव्हती म्हणून काका घरीच होते, बनियनवर दाराशी बसून तांदूळ निवडत होते. टेम्पो बघून उठले. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. "आलं का पाव्हणं?" ते म्हणाले. माणपासून जो टेम्पोत पडून होता, तो चारही पाय थरथरत उभा राहिला.

मी काहीतरी बोलायला लागले, फॉर्म, चूक, माफी असलं काहीतरी. काका म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. आधी पाय धरा, उतरवू."

खोली दहा बाय दहाचीच होती. मी मनातल्या मनात मार्क टाकले होते तशीच. एक खाट, एक गॅस, दोरीवर कपडे. काकांनी खाट बाहेर काढून भिंतीला लावली, तिच्यावरची गादी खाली अंथरली आणि त्याला तिच्यावर निजवलं. त्या दिवसापासून ते स्वतः उघड्या फरशीवर निजायला लागले. पत्र्यावर गोणपाटं टाकली, दर दोन तासांनी शिडी लावून त्यांच्यावर पाणी मारायचे. शेजारच्या बाया आळीपाळीने माश्या वारायच्या. फर्स्ट शिफ्टहून आलेली पोरं आधी त्याच्याकडे डोकावून मग आपल्या खोलीत जायची.

डॉक्टर आले, जखमा धुतल्या, इंजेक्शनं दिली. मला बाजूला घेऊन म्हणाले, जखम हाडापर्यंत गेली आहे, ताप सगळ्या अंगात आहे. शिवाय या जातीला आयुष्य मुळात कमीच. दोन महिने आधी दाखवला असता तर गोष्ट वेगळी होती.

मी एक दिवसाआड जायचे, न कळवता, वेळ बदलून. कधी शिफ्टच्या आधी, कधी नंतर, एकदा भर दुपारी. ती तपासणी होती, हे मी कबूल करते. सवय मरत नाही. प्रत्येक वेळी तेच दिसायचं. त्याचं डोकं काकांच्या मांडीवर, नाहीतर काका बाहेर गेलेले असले तर दाराकडे. पातेल्यात ताजं पाणी. काका त्याच्याशी गावाकडचं काहीबाही बोलत असायचे. आता ते त्याला पाव्हणं म्हणत नव्हते, नुसतं लेकरू म्हणायचे.

जेमतेम तीन आठवडे. एका सकाळी काकांचा फोन आला. फोनवर नुसता त्यांचा श्वास ऐकू आला. मी बस सोडून रिक्षाने गेले.

खोल्यांच्या मागे मोकळी जागा आहे. घरमालकाने नको म्हटलं नाही. सेकंड शिफ्टला जायच्या आधी चौघा पोरांनी खड्डा खणला. त्याला उचलायलाही चौघंच लागले, इतका वाळला होता तरी. काकांनी ती गादीसुद्धा त्याच्याबरोबर पुरली. मी म्हटलं, काका, तुम्हाला लागेल. म्हणाले, त्याला फरशी टोचती.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं बाहेरच्या खाटेवर बसलो. ऊन वर आलं होतं. पत्र्यावरच्या गोणपाटांतलं पाणी अजून एकेक थेंब खाली पडत होतं.

"ताई, एक इचारू का?" काका म्हणाले. "तुमचा त्यो कागद व्हता बगा, मार्कांचा. त्यात माझ्या रूमला किती पडले व्हते?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्यांच्यासमोर जीभ रेटेना.

"कागदावर पडलेच नव्हते, काका. मी तुमची रूम बघायला आलेच नाही कधी. तुमच्या केबिनमध्ये बसूनच तुम्हाला नापास केलं."

ते रागावतील, निदान तोंड तरी फिरवतील, असं वाटलं होतं. त्यांनी मान हलवली.

"बरं झालं आला न्हाई. सांगून आला असता, तर मी बी सगळं झाडून घेतलं असतं. शेजारची नवी चादर मागून आनली असती." ते थोडं हसले. मग म्हणाले, "कुनी घर बघाया येनार म्हनल्यावर समदे तेच करत्यात."

ते उठले, दारातलं त्याचं पातेलं उचललं आणि घासायला नळावर गेले. मी खाटेवर बसून रडले, तोंडाला ओढणी लावून, लहान पोरीसारखी. ते पातेलं बराच वेळ घासत होते. मग त्यांनी ते भरून आणलं, जिथे असायचं तिथेच ठेवलं, आणि त्याच्याकडे बघत उभे राहिले.